शास्त्राचे अक्षर आणि वाचणाऱ्याची सोय

बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, गुन्हेगाराला किती फटके मारावेत आणि निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेचे काय करावे या दोन गंभीर विषयांच्या मधोमध, एक अगदी लहानशी आज्ञा येते: बैल मळणी करत असताना त्याला मुसके बांधू नये. मळणीयंत्र येण्यापूर्वीचे खळे ज्याने पाहिले आहे त्याला या आज्ञेवर भाष्य लागत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या खळ्यांत तिवड्याभोवती बैलांची पात फिरत असे, पायांखाली कणसे तुडवली जात, आणि फिरता फिरता बैलाने मान खाली घालून दोन घास घेतले तर तेवढे धान्य कमी भरे. म्हणून काही मालक दोरीचे विणलेले मुसके त्याच्या तोंडावर चढवत. ज्याच्या पायांनी दाणा मोकळा होतो त्याला त्यातला घासभर खाऊ द्या, इतकाच त्या ओळीचा सरळ अर्थ आहे. आता याच ओळीचे नव्या करारातली बरीच पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने काय केले ते पाहा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात, शुभवर्तमान सांगणाऱ्यांच्या पोटापाण्याची सोय मंडळीने करावी असे सुचवताना, तो ही आज्ञा पुरावा म्हणून पुढे करतो आणि विचारतो की देवाला काय बैलांची चिंता पडली आहे? हे सर्वस्वी आपल्याकरिताच लिहिले आहे, असे त्याचे म्हणणे.

नाशिकच्या शरणपूर भागात एका घरी आमचा बायबल-अभ्यासाचा वर्ग भरतो, तिथे हा उतारा निघाला तेव्हा आयुष्यभर शेती केलेले एक काका चांगलेच बिथरले. “पौल पडला तंबू शिवणारा माणूस,” ते म्हणाले, “त्यानं बैल कधी हाकलला असेल का? देवाला बैलाची चिंता नाही, तर मग त्यानं ती आज्ञा दिलीच कशाला?” पाळकसाहेब हसले, आम्हीही हसलो, पण काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या दिवसाच्या विसाव्याचे कारणच असे दिले आहे की तुझ्या बैलाला आणि गाढवाला विश्रांती मिळावी. योनाच्या पुस्तकाचा तर शेवटच गुराढोरांवर होतो. निनवे शहराचा नाश झाला नाही म्हणून रुसून बसलेल्या संदेष्ट्याला देव विचारतो की उजव्या-डाव्या हाताचा भेद न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे या शहरात असताना मी त्याची कीव करू नये काय? योना खरोखर माशाच्या पोटात तीन दिवस राहिला की ती एक बोधकथा आहे, यावर कैक पिढ्यांनी वाद घातला आहे. त्या वादात माशाचीच चर्चा इतकी होते की शेवटच्या ओळीतली गुरे कुणाला दिसतच नाहीत.

तथापि पौलाला शहरी ठरवून आपली सुटका होत नाही, कारण शास्त्राला रूपक करून वाचण्याची रीत बाहेरून कोणी आणलेली नसून ती नव्या करारातच रुजलेली आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा या दोघी स्त्रियांना दोन करार मानतो आणि ही गोष्ट रूपकात्मक आहे असे स्वतःच उघड सांगतो. दासी हागार म्हणजे सीनाय पर्वत आणि त्या काळचे यरुशलेम, स्वतंत्र सारा म्हणजे वरचे यरुशलेम. युक्तिवाद म्हणून तो प्रभावी आहे यात शंका नाही. पण उत्पत्तीच्या एकविसाव्या अध्यायात हीच हागार भाकरी आणि पाण्याची मसक खांद्यावर घेऊन, मुलाला बरोबर घेऊन, अरण्यात भटकते. मसकेतले पाणी संपते तेव्हा ती मुलाला झुडपाखाली ठेवून त्याचे मरण डोळ्यांनी पाहावे लागू नये म्हणून दूर जाऊन बसते. करार झालेल्या हागारेला तहान लागत नाही. रूपकात्मक वाचनाची ताकद आणि त्याचा धोका, दोन्ही मला इथे एकाच ठिकाणी दिसतात.

या वाचनाचे मोठे पीठ म्हणजे इजिप्तमधले अलेक्झांड्रिया. तिथे ख्रिस्ती विचारवंतांच्याही आधी फिलो या यहुदी तत्त्वज्ञाने मोशेच्या ग्रंथांचा रूपकात्मक अर्थ लावण्याची परंपरा घालून दिली होती, आणि तिसऱ्या शतकात ख्रिस्ती विद्वान ओरिगेनने तिला पद्धतशीर रूप दिले. माणसाला जसे शरीर, प्राण आणि आत्मा, तसेच वचनालाही, असे तो मांडतो. सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा आणि तिसरा दिवस झाला, त्यांना संध्याकाळ आणि सकाळ होती, देवाने एखाद्या शेतकऱ्यासारखी पूर्वेला एदेनात बाग लावली, हे सारे जसेच्या तसे घडले असे मानण्याइतका खुळा कोण असेल, असा त्याचा सवाल आहे. हे वाचून ज्यांना वाटते की शंका घेणारी बुद्धी डार्विननंतरच जन्माला आली, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की हा माणूस अविश्वासू नव्हता. २५० साली रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळात, म्हातारपणी, विश्वासासाठी त्याने अंगावर यातना सोसल्या. आणि याच ओरिगेनबद्दल चर्चचा पहिला मोठा इतिहासकार युसेबियस सांगतो की तरुणपणी त्याने मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातले, स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेणाऱ्यांविषयीचे वचन अक्षरशः घेतले आणि स्वतःच्या शरीरावर तसे करून टाकले. काही अभ्यासक या कथेवर शंका घेतात. ती खरी असो वा विरोधकांनी रचलेली असो, रूपकांच्या या महागुरूबद्दल सतराशे वर्षे जर कुठली एक गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली असेल तर ती अक्षराला चिकटल्याची.

अलेक्झांड्रियाच्या विरोधात सिरियातले अंत्युखिया उभे राहिले. तार्ससचा डायोडोर, मोप्सुएस्तियाचा थिओडोर आणि सोनेरी वाणीचा योहान ख्रिसोस्तोम या मंडळींना शास्त्रातला इतिहास हा इतिहास म्हणूनच हवा होता. आदाम हा आदाम राहिला नाही तर पतन कुणाचे, आणि तारण कशातून, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. या दोन पक्षांतले कोण जिंकले असे कुणी विचारले तर ५५३ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेकडे बोट दाखवावे लागते: तिने थिओडोरला दोषी ठरवले आणि शापित पाखंड्यांच्या यादीत ओरिगेनचेही नाव घातले. दोघेही मरून शतके उलटली होती, आणि दोघांवरचे आरोप अर्थ लावण्याच्या पद्धतीपेक्षा ख्रिस्तविषयक आणि सृष्टिविषयक सिद्धान्तांचे होते, हे खरेच; पण अक्षराचा रखवालदार आणि रूपकाचा उस्ताद एकाच परिषदेत एकाच ओळीत उभे केले गेले, यात मला तरी थोडी गंमत वाटते.

अक्षरशः आणि रूपकात्मक हे दोन शब्द आपण ज्या सैलपणे वापरतो त्यामुळे अर्धा घोटाळा होतो. संस्कृत अलंकारशास्त्र शिकलेल्यांना ‘गंगायां घोषः’ हे उदाहरण पाठ असते: गंगेच्या प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, मुख्य अर्थ अडतो, म्हणून गंगेच्या काठावरची वस्ती असा लक्ष्यार्थ घ्यायचा. नाशिककराला हे शिकवावे लागत नाही. गोदावरीला गंगा म्हणणारे आमचे शहर ‘संध्याकाळी गंगेवर भेटू’ असे म्हणते तेव्हा कुणी पाण्यावर उभे राहत नाही. तेराव्या शतकात कॅथलिक तत्त्वज्ञ थॉमस अ‍ॅक्वायनसने नेमका हाच भेद ख्रिस्ती शास्त्रासाठी स्पष्ट केला. शास्त्र देवाच्या भुजेविषयी बोलते तेव्हा देवाला हाडामांसाचा हात आहे हा त्या वचनाचा शब्दशः अर्थ नव्हेच. देवाची कार्यशक्ती हाच त्याचा शब्दशः अर्थ, कारण लिहिणाऱ्याला तेच म्हणायचे आहे. अलंकार, उपमा, म्हण, हे सगळे शब्दशः अर्थाच्या घरातच राहतात. आध्यात्मिक अर्थ त्याहून वेगळा आणि त्याच्यावर उभारलेला: तिथे शब्द वस्तूकडे निर्देश करतात आणि ती वस्तू आणखी कशाकडे तरी. यरुशलेम म्हणजे यहुदी लोकांचे नगर, यरुशलेम म्हणजे चर्च, यरुशलेम म्हणजे माणसाचा जीव, यरुशलेम म्हणजे स्वर्गातले नगर, असे चार मजले योहान कॅसियनने पाचव्या शतकातच दाखवले होते. अ‍ॅक्वायनसने घातलेली अट अशी की वाद करताना पुरावा तळमजल्याचाच द्यायचा, वरच्या मजल्यांचा नाही.

ही अट मला फार मोलाची वाटते आणि ती मोडली की काय होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे चांगल्या शोमरोन्याचा दाखला. लूकच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो की माझा शेजारी कोण? उत्तरादाखल गोष्ट येते: यरुशलेमाहून यरीहोकडे उतरणारा एक मनुष्य लुटारूंच्या हाती सापडतो, याजक आणि लेवी त्याला पाहून बाजूने निघून जातात, आणि ज्यांच्याशी यहुद्यांचा व्यवहार नाही अशा शोमरोन्यांपैकी एक जण थांबतो. चौथ्या-पाचव्या शतकातल्या थोर ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीनने या गोष्टीचा जो अर्थ लावला तो शेकडो वर्षे उपदेशांतून फिरत राहिला. उतरणारा मनुष्य म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे त्याने गमावलेले स्वर्गीय नगर, यरीहो म्हणजे चंद्र आणि पर्यायाने क्षीण होणारे मर्त्यपण, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, याजक व लेवी म्हणजे तारू न शकणारा जुना करार, शोमरोनी म्हणजे स्वतः प्रभू, त्याचे जनावर म्हणजे त्याने धारण केलेला देह, उतारशाळा म्हणजे चर्च, आणि उतारशाळेचा रखवालदार म्हणजे प्रेषित पौल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक अ‍ॅडॉल्फ युलिखरने दाखल्यांचे असे प्रत्येक खिळ्याला अर्थ लावून केलेले वाचन मोडीत काढले आणि दाखल्याला एकच गाभा असतो असे ठासून सांगितले. तेव्हापासून सुशिक्षित पाळकांना ऑगस्टीनचा हा अर्थ सांगताना थोडा संकोच वाटतो. नाशिकमध्ये मी तो तरीही ऐकला आहे, आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते.

माझे मत असे की या अर्थाने गोष्टीचा पहिला दंश निघून जातो. शास्त्र्याचा प्रश्न शेजाऱ्याविषयी होता, आणि ज्याचा विटाळ मानायचा तोच शेजारी ठरला, हे त्याला गिळवत नव्हते. इतके की शेवटी उत्तर देताना तो ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारत नाही, ‘ज्याने दया केली तो’ एवढेच म्हणतो. रखवालदार जर पौल असेल आणि शोमरोनी जर प्रभू असेल तर ऐकणाऱ्याला स्वतःच्या गल्लीतल्या कुठल्याही माणसाकडे वळून पाहण्याची गरज उरत नाही. पण ऑगस्टीनच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती युलिखरच्या शिष्यांना सहसा सुचत नाही. सरळ अर्थ घेणारा आपण प्रत्येक वेळी मदत करणाऱ्याच्या जागी उभे राहतो. ऑगस्टीनचा श्रोता मात्र रस्त्याच्या कडेला अर्धमेला पडलेला असतो. ज्याला उचलून न्यावे लागले अशा माणसाने पुढे कुणाला उचलले तर त्याच्या मदतीत उपकाराची भाषा कमी येते. तेव्हा तो उपदेश ऐकताना मी कानावर हात ठेवत नाही. फक्त वरचा मजला चढण्याआधी खालच्या मजल्यावर पुरेसा वेळ काढला का, एवढे पाहतो. ऑगस्टीनने स्वतःच एक कसोटी देऊन ठेवली आहे की शास्त्र समजले असे म्हणणाऱ्याच्या समजुतीतून देवाची आणि शेजाऱ्याची प्रीती वाढत नसेल तर त्याला ते अजून समजलेलेच नाही.

सृष्टीच्या सहा दिवसांचा वाद मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर जितके रण माजते तितका त्यात दम नाही. याच ऑगस्टीनने उत्पत्तीचा शब्दशः अर्थ सांगण्यासाठी म्हणून लिहिलेल्या मोठ्या ग्रंथात सर्व सृष्टी एकदम निर्माण झाली आणि ते दिवस आपल्या ओळखीचे दिवस नव्हेत असे म्हटले आहे. शिवाय ख्रिस्ती माणसाने आकाशातील ज्योतींविषयी अडाण्यासारखे बोलून जाणकारांत शास्त्राचे हसे करू नये अशी कानउघाडणीही केली आहे. उत्पत्ती चंद्राला मोठी ज्योती म्हणते, पण शनी चंद्राहून मोठा आहे हे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याला ठाऊक होते, आणि मोशेने सामान्य माणसाच्या डोळ्याला दिसते तसे लिहिले असे सांगून त्याने तो विषय मिटवला. १९२५ साली अमेरिकेतल्या डेटन गावी शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून झालेल्या प्रसिद्ध खटल्यात अक्षराचा कैवारी म्हणून साक्षीला बसलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायननेही ते दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असे नाही, हे कबूल केले होते.

खरी गंमत हे सहा दिवस अक्षरशः घेणाऱ्यांना प्रभुभोजनाच्या भाकरीविषयी विचारले की येते. ‘हे माझे शरीर आहे’ या प्रभूच्या शब्दांवरून १५२९ साली जर्मनीतल्या मार्बुर्गला धर्मसुधारणेचे दोन पुढारी ल्यूथर आणि झ्विंग्ली समोरासमोर बसले. ल्यूथरने टेबलावर खडूने ते शब्द लिहून ठेवले आणि ‘आहे’ म्हणजे आहेच, यावरून तो हलला नाही. झ्विंग्लीच्या मते ‘आहे’चा अर्थ दर्शवते असा होता, आणि दोन्ही सुधारक पक्षांची एकजूट एका क्रियापदापाशी अडली. माझ्या नात्यातले एक भाऊ पेंटेकॉस्टल मंडळीत जातात. सहा दिवस म्हणजे एकशे चव्वेचाळीस तास याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नाही, मात्र प्रभुभोजनाची भाकरी ही त्यांच्या लेखी केवळ आठवण आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या कॅथलिक मावशी नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराच्या यात्रेला न चुकता जातात. शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, उत्क्रांतीचा धडा त्यांनी कधी चोरला नाही, आणि मिस्सामध्ये अर्पण झालेली भाकरी हे ख्रिस्ताचे खरोखरचे शरीर आहे यावर त्या तसूभरही मागे हटत नाहीत. दोघेही मनापासून म्हणतात की आम्ही वचन जसे आहे तसे घेतो. दोघेही खरेच बोलतात, फक्त वेगवेगळ्या वचनांबद्दल. सगळे शास्त्र सर्वत्र अक्षरशः घेणारा माणूस मला अजून भेटायचा आहे, आणि सगळे सर्वत्र रूपकच मानणाराही.

म्हणून प्रश्न अक्षर की रूपक असा विचारण्यात मला आता फारसा अर्थ वाटत नाही. कोणते वचन कोण अक्षरशः घेतो आणि त्या वाचनाची किंमत कुणाच्या खिशातून जाते, हे विचारले की चित्र एकदम स्वच्छ होते. आणि हे शरणपूरहून अधिक चांगले कुठे समजणार? चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली नाशिकच्या वेशीबाहेर वसवलेल्या या ख्रिस्ती वसाहतीत पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आणून ठेवले जाई. ती इथे शिकली, लोहारकाम-सुतारकाम शिकली, इथल्या उपासनांत बसली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेचा शोध घेणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या अखेरच्या प्रवासात होता. लिव्हिंग्स्टन वारला त्या ठिकाणच्या झाडावर नाव त्याने कोरले, आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटी वाहणाऱ्यांत तो होता. पुढच्याच वर्षी मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रियरटाउन वसवले गेले, तेव्हा नाशिकला शिकलेली अनेक माणसे तिकडे गेली.

हीच मुले आफ्रिकेतून पकडली जात होती त्या दशकांत अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरी शास्त्रसंमत असल्याचे उपदेश चालू होते, आणि सदर्न बॅप्टिस्ट हा मोठा पंथ १८४५ साली या प्रश्नावरूनच वेगळा झाला होता. या भूमिकेबद्दल त्याने जाहीर क्षमा मागितली ती १९९५ साली. त्या उपदेशकांची बाजू आपण अक्षराची मानतो, आणि इफिसकरांस पत्रातील दासांनी धन्यांची आज्ञा पाळावी या वचनापुरती ती तशी होतीही. पण त्यांचे आवडते दुसरे प्रमाण म्हणजे हामाचा शाप, आणि तिथे अक्षर कुठे गेले? उत्पत्तीचा नववा अध्याय उघडून पाहावा. नोहा शाप देतो तो आपल्या हाम या मुलाला नाही, हामाच्या कनान या मुलाला. कातडीच्या रंगाचा तिथे उच्चारसुद्धा नाही. कनानवरून हामावर, हामावरून आफ्रिकेवर आणि आफ्रिकेवरून काळ्या रंगावर ही जी उडी मारली गेली ती शुद्ध रूपककथा होती, ऑगस्टीनच्या यरीहोला लाजवील अशी. उलट अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात सरळ आज्ञा आहे की धन्यापासून पळून तुझ्याकडे आलेल्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नको, तुझ्याजवळ त्याला बरे वाटेल तिथे राहू दे. १८५० साली अमेरिकेत पळालेला गुलाम मालकाला परत देण्याची सक्ती करणारा कायदा झाला तेव्हा अक्षराच्या या अभिमान्यांना हे अक्षर दिसले नाही. दुसरीकडे, शपथ वाहूच नका हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले वचन जसेच्या तसे घेऊन कोर्टात शपथ नाकारणारे आणि त्यापायी तुरुंगात जाणारे क्वेकर पंथाचे लोकच पुढे गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्यांत पहिले निघाले. १६८८ साली पेन्सिल्वेनियातल्या जर्मनटाउनच्या काही जणांनी केलेल्या निषेधाचा आधार एवढाच की लोकांनी तुमच्याशी जसे वागावे असे वाटते तसे तुम्ही त्यांच्याशी वागा. त्यात रूपकाला कुठेच जागा नव्हती.

स्वतःच्या पदरचे जाणार असेल तेव्हा मात्र आपल्याला रूपक लगेच सुचते, आणि हे आजचे नाही. धनवान तरुणाला येशू म्हणाला की तुझे असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधीवर शहरातल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांसाठी या वचनाचे विवरण केले आणि सांगितले की टाकायचा तो धनाचा लोभ, धन नव्हे; सगळ्यांनीच सगळे देऊन टाकले तर भुकेल्याला खाऊ कोण घालणार? युक्तिवाद बिनतोड आहे, आणि मी स्वतः पेन्शनवर जगणारा माणूस असल्याने मला तो मनापासून पटतो, म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने पाहतो. त्यानंतर काही दशकांनी त्याच इजिप्तमध्ये अँटनी नावाचा एक तरुण चर्चमध्ये शिरत असताना हेच वचन वाचले जात होते. त्याने बाहेर पडून वडिलोपार्जित सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली आणि वाळवंटाची वाट धरली. त्याने कुणा दुसऱ्याची जमीन वाटली नाही. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा पदरी संसार होता आणि वय झाले होते. याच वेळी, स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे हे करिंथकरांस पत्रातले वचन अक्षरशः पाळले जावे असे म्हणणारे पुरुष मी आयुष्यभर पाहत आलो आहे. त्याच पत्रात, त्याच्या तीन अध्याय आधी, स्त्री संदेश देते तेव्हा तिचे मस्तक आच्छादलेले असावे असे म्हटले आहे, म्हणजे ती बोलत होती हे गृहीतच आहे, हे त्यांना दाखवले की ते त्या काळच्या परिस्थितीवर बोलू लागतात. परिस्थितीचा विचार जरूर व्हावा. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने शास्त्र वाचताना लेखकाचा काळ आणि लेखनप्रकार पाहावा असे सांगितले, आणि प्रॉटेस्टंट अभ्यासकांनी ते त्याच्या बरेच आधी मान्य केले होते. पण मग परिस्थितीचा तो विचार दोन्ही वचनांना सारखाच लावावा.

आमचा अभ्यासवर्ग सध्या लूकच्या सहाव्या अध्यायावर आहे. परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या, हे वचन चर्चने कैक शतके शब्दशः धरले होते. ११७९ सालच्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्यांना प्रभुभोजन आणि ख्रिस्ती दफन दोन्ही नाकारले, आणि सोळाव्या शतकात कॅल्विनने व्यापारातले कर्ज आणि गरिबाला दिलेले उसने यांत फरक करून वाट थोडी रुंद केली. वर्गातले बरेच जण समाजाच्या एका लहानशा पतपेढीचे सभासद असल्याने चर्चा लवकरच पहिल्या शतकातून एकविसाव्या शतकात आली. ते वचन वृत्तीविषयी आहे, व्यवहाराविषयी नाही, असे मुद्देसूद सांगणाऱ्यांच्या ठेवी होत्या. लिहिले आहे तसे का घेत नाही, असे विचारणाऱ्यांचे हप्ते थकले होते. बैलवाले काका कुणाच्याच बाजूने बोलले नाहीत, कारण त्यांची ठेवही आहे आणि मुलाच्या द्राक्षबागेवर कर्जही. पाळकसाहेबांनी अध्याय पुढे न सरकवता पुढच्या आठवड्यालाही हाच उतारा ठेवला आहे आणि येताना प्रत्येकाने आपले पासबुक आणावे असे सुचवले आहे, तेव्हा उपस्थिती किती राहते ते पाहायचे.